बेंगळुरूच्या शिवाजीनगरातली सर्वपित्री

पोस्टिंग बदललं की लेखातलं गावही बदलतं, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. सध्या मुक्काम बेंगळुरू. युनिटचं नाव नेहमीप्रमाणे लिहीत नाही.

इथे आल्यावर पहिल्या रविवारी घरी फोन केला आणि सांगितलं, "आज शिवाजीनगरला जाऊन आलो." आईला वाटलं, मी पुण्यात आलोय आणि घरी न येताच परत चाललोय. पाच मिनिटं बोलणी खाल्ली, मग खुलासा करता आला. हे शिवाजीनगर पुण्याचं नव्हे, बेंगळुरूच्या जुन्या कॅन्टोन्मेंटमधलं. रसेल मार्केट, कमर्शियल स्ट्रीट, बस स्टँड, मशिदी, बिर्याणीची हॉटेलं, जुन्या सामानाची दुकानं आणि या सगळ्या गर्दीच्या वर उभं असलेलं सेंट मेरीज बॅसिलिकाचं टोकदार शिखर. आउटपास मिळाला की आम्हा जवानांचे पाय इकडेच वळतात. स्वस्त कपडे, चांगलं खाणं, आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळा व्यवहार होतो.

आज मात्र खरेदीबद्दल लिहायचं नाही. गेल्या २ नोव्हेंबरला मी या देवळात आणि नंतर एका दफनभूमीत होतो, त्याबद्दल लिहायचं आहे.

माझ्या सेक्शनमध्ये एक नाईक आहे. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातला, उरांव आदिवासी, कॅथलिक. शांत पोरगा. हॉकीचं नाव काढलं तरच बोलतो. ऑक्टोबरच्या शेवटी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "उस्ताद, दो तारीख को आउटपास चाहिए. पूरे दिन का." कारण विचारलं तर म्हणाला, "छोटा भाई इधर है." मी म्हटलं, मग बोलव त्याला एकदा लाइनमध्ये, जेवू घालू. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मिट्टी में है, उस्ताद."

भाऊ बेंगळुरूला इमारतीच्या कामावर आला होता. २०२१ च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेला. आमचा नाईक तेव्हा उंचावरच्या एका पोस्टवर होता. खाली उतरायलाच चार दिवस लागले असते. आईवडील सिमडेग्यात, गाड्या नाहीत, विमान परवडत नाही, आणि तेव्हाच्या नियमात मृतदेह गावी नेणं अवघडच होतं. चर्चच्या तरुण मुलामुलींनी त्याला पुरलं. त्यांतल्याच कुणीतरी फोनवर काढलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ घरी पाठवला. आईने मुलाचा निरोप घेतला तो त्या दीड मिनिटात. त्या दिवसांत शहरात अशी कामं करणारे कॅथलिक तरुण होते, मुस्लिम स्वयंसेवकही होते. मेलेला कुठल्या धर्माचा हे न विचारता त्यांनी कुणाला चितेपर्यंत नेलं, कुणाला कबरीपर्यंत.

मी त्याला म्हटलं, मीही येतो.

२ नोव्हेंबर म्हणजे ऑल सोल्स डे, सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. वसईकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहितो. फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठाचे प्रमुख ओदिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांना हा दिवस लावून दिला आणि पुढे तो सगळ्या कॅथलिक जगात पसरला. आपल्याकडे पितृपंधरवड्यात ज्याची तिथी माहीत असेल त्याचा त्या तिथीला म्हाळ घालतात आणि ज्याची तिथी माहीत नाही त्याला सर्वपित्री अमावस्येला पान वाढतात. तसाच हा दिवस. आपलं कुणी असो नसो, सगळ्यांसाठी.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

बेंगळुरू म्हटलं की मराठी माणसाला शहाजीराजे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने केंपेगौडांकडून हे शहर घेतलं आणि पुढे शहाजीराजांचा कारभार इथून चालला. पण आजचं शिवाजीनगर तेव्हा नव्हतं. ते वसलं फौजेमुळे. १७९९ मध्ये टिपू पडला. इंग्रजांनी छावणी आधी श्रीरंगपट्टणला ठेवली, पण तिथल्या हिवतापाने शिपाई मरू लागले. म्हणून १८०९ मध्ये छावणी बेंगळुरूला आली. जॉन ब्लॅकिस्टन नावाच्या मद्रास इंजिनियर्सच्या अधिकाऱ्याने तिची आखणी केली. छावणी आली की तिच्यामागे बाजार येतो: स्वयंपाकी, मोतद्दार, धोबी, शिंपी, खाटीक, गवंडी, हमाल. यांतले बहुतेक तमिळ मुलुखातून आले. या वस्तीला इंग्रज ब्लॅकपल्ली म्हणत. काही म्हणतात, ते नाव ब्लॅकिस्टनवरून पडलं. काही म्हणतात, मूळ शब्द 'बिळी अक्की पळ्ळी', म्हणजे पांढऱ्या तांदळाचं गाव. शिवाजीनगर हे नाव स्वातंत्र्यानंतरचं. नावांवरून वाद चालूच असतात. मी गणवेशातला माणूस, त्यात पडत नाही.

पण एक गोष्ट वाचून मी चकित झालो. इथे आधी येऊन भातशेती करणारे तमिळ ख्रिस्ती लोक जिंजीकडून आले होते. तीच आपली जिंजी, जी महाराजांनी १६७७ मध्ये घेतली आणि जिच्या आसऱ्याने राजाराम महाराजांनी मोगलांना १६९० पासून १६९८ पर्यंत झुंजवलं. त्या मुलुखातली माणसं पोटासाठी इथे आली आणि पुढे त्यांच्याच वस्तीला शिवाजीनगर नाव मिळालं.

त्या लोकांसाठी १८१८ मध्ये आबे दुब्वा या फ्रेंच पाद्रीने इथे गवताने शाकारलेलं एक छोटं प्रार्थनाघर बांधलं. लोक त्याला 'काणिक्कै माता'चं देऊळ म्हणत. हा दुब्वा अजब माणूस होता. इथल्या लोकांसारखा पोशाख करायचा, आणि देवीची लस आली तेव्हा त्याने म्हैसूर मुलुखात पंचवीस हजारांवर लोकांना ती टोचवली. म्हणजे या देवळाची सुरुवातच बाहेरून आलेल्यांनी, बाहेरून आलेल्यांसाठी केलेली.

आजची उंच गॉथिक इमारत फादर क्लायनर यांनी बांधायला घेतली १८७५ मध्ये आणि पुरी झाली १८८२ मध्ये. ही दोन सालं नीट बघा. मध्ये १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ येतो. म्हैसूर संस्थानात १८७१ च्या शिरगणतीत सुमारे ५० लाख माणसं होती, १८८१ मध्ये सुमारे ४२ लाख. वाढ व्हायची सोडून आठ लाख कमी. खेड्यापाड्यांतून हाडांचे सापळे चालत बेंगळुरूकडे येत होते. हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलेले त्या दुष्काळाचे फोटो आजही बघवत नाहीत. एकीकडे देवळाच्या भिंती चढत होत्या, दुसरीकडे त्याच शहरात रोज बेवारस माणसं पुरली जात होती. सातारा-सोलापूरकडच्या माणसाला हा दुष्काळ वेगळा सांगायला नको, तो आपल्याकडेही तोच होता.

मग प्लेग. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत सुरू झाला. १८९७ मध्ये पुण्यात काय झालं ते आपण शाळेत शिकलो. रँडचा खून आपल्या लक्षात असतो. त्याच प्लेगात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, १० मार्च १८९७ ला. १८९८ च्या ऑगस्टमध्ये तो हुबळीकडून रेल्वेने बेंगळुरूत आला. दाट वस्तीच्या ब्लॅकपल्लीसारख्या भागांचे हाल झाले. गर्दी मोडायला म्हणून पुढे फ्रेझर टाउनसारख्या नव्या, हवेशीर वस्त्या आखल्या गेल्या. शहरात अजून प्लेग मारम्माची देवळं आहेत. आमच्या गावच्या वेशीवर मरीआई आहे, तिचीच बहीण म्हणा. इकडे चर्चमधल्या मेरीलाही लोक साडी नेसवतात. ८ सप्टेंबरच्या जत्रेत तिचा रथ शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून निघतो तेव्हा भगवे कपडे घातलेले हजारो भक्त असतात. त्यांत हिंदू किती आणि ख्रिस्ती किती, हे कुणी मोजायच्या भानगडीत पडत नाही.

प्लेगनंतर १९१८ चा इन्फ्लुएन्झा. तो मुंबई बंदरात जहाजांबरोबर आला आणि शिपायांबरोबर, रेल्वेबरोबर देशभर गेला. देशात एक कोटीहून जास्त माणसं मेली.

एवढं सगळं सांगायचं कारण असं, की आज शिवाजीनगरात जो स्वतःला इथला म्हणतो, त्याच्या घरात कधी ना कधी कुणीतरी परका म्हणून आलेला आहे, आणि त्या परक्याचं कुणीतरी इथल्या मातीत गेलेलं आहे.

आता २ नोव्हेंबरकडे येतो.

सकाळी बारीक पाऊस होता. बेंगळुरूला नोव्हेंबरमध्ये असा पाऊस असतोच, परतीच्या वाऱ्यांचा. बॅसिलिकात मिस्सा तमिळ, कन्नड, इंग्रजी अशा भाषांमध्ये होतात. आम्ही एका मिस्साला मागे उभे राहिलो. मी आजवर चर्चमध्ये गेलो ते युनिटच्या सर्वधर्म स्थळात. ज्यांनी फौज पाहिली नाही त्यांना सांगतो, आमच्याकडे एकाच छपराखाली मंदिर, गुरुद्वारा, मशीद, चर्च असतं आणि सणाला सगळी पलटण सगळीकडे हात जोडते. त्यामुळे अवघडल्यासारखं झालं नाही. वर रंगीत काचा होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्या उतरवून ठेवल्या होत्या आणि १९४७ मध्ये पुन्हा बसवल्या, असं वाचलं होतं. म्हणून जरा निरखून पाहिल्या.

पुढे एक पेटी ठेवलेली होती. लोक आपल्या मृतांची नावं कागदावर लिहून, पाकिटात घालून त्या पेटीत टाकत होते. नोव्हेंबरभर रोजच्या मिस्सात त्या सगळ्यांसाठी प्रार्थना होते. नाईकाने खिशातून दोन पाकिटं काढली. एक भावाचं. दुसरं कोरं. ते माझ्यापुढे धरून म्हणाला, "उस्ताद, आपका भी कोई होगा."

त्याला माझ्या पणजोबांची गोष्ट माहीत होती. रात्रपाळीच्या ड्यूटीत कधीतरी सांगितली असेन. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो.

पणजोबा ११७ मराठा पलटणीत शिपाई होते. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात गेले. आमच्याकडे अजून म्हातारे लोक "बसऱ्याला गेला" असंच म्हणतात. डिसेंबर १९१५ मध्ये कुत या गावात तुर्कांनी या फौजेला वेढलं. जवळजवळ पाच महिने उपासमार झाली, घोडे कापून खाल्ले आणि २९ एप्रिल १९१६ ला फौजेने शरणागती दिली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. पणजोबा वेढ्यात गेले की कैदेत, ते घरात कुणालाच कळलं नाही. आजोबा तेव्हा पाळण्यात होते.

लढाई संपल्यावर सरकारकडून एक ब्राँझची तबकडी घरी आली. अशा तबकड्या साम्राज्यातल्या मेलेल्या सगळ्या शिपायांच्या घरी पाठवल्या होत्या. वर सिंह आणि एक बाई, आणि चौकटीत मेलेल्याचं नाव ओतलेलं. ती तबकडी आमच्या देवघरात होती. १९७२ च्या दुष्काळात आजोबांनी ती मोडीत घातली. किती आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण त्या पैशांची मिलो ज्वारी आली एवढं आजी सांगायची. त्यांना दोष देत नाही. समोर सहा तोंडं होती.

बसऱ्याला इंग्रजांनी मोठं स्मारक बांधलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र फक्त आकडा. अमुक पलटण, इतके. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते स्मारकच उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ओसाड जागेत नेऊन ठेवलं. म्हणजे पणजोबांना कबर नाही, भिंतीवर नाव नाही, आणि घरात होतं ते नावही आम्ही विकलं. त्यांचं नाव उरलं ते सातबाऱ्यावर, आजोबांच्या नावाच्या मधलं नाव म्हणून.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मी शोध घेतला. त्याच नावाचे, त्याच पलटणीचे एकाहून जास्त शिपाई सापडले. त्यातले आमचे कोणते, ते ठरवता आलं नाही.

आजी प्रत्येक पितृपंधरवड्यात तोच प्रश्न विचारायची, "त्यांची तिथी कुठली धरायची?" भटजींनी तोडगा काढून दिला होता. पंचांगात चतुर्दशीला 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. शस्त्राने, अपघाताने गेलेल्यांची ती तिथी. आजीचं समाधान व्हायचं नाही. म्हणायची, "उपाशी मेला असंल तर? मग ते शस्त्र का?" म्हणून ती चतुर्दशीला एक पान वाढायची आणि सर्वपित्रीला पुन्हा एक.

हे सगळं डोक्यात आलं आणि मी पाकीट घेतलं. सातबाऱ्यावर जसं आहे तसं नाव देवनागरीत लिहिलं. पेटीजवळ एक मुलगी उभी होती, तिने पाकीट पाहिलं, पण मला काही विचारलं नाही. नंतर वाचनात आलं की १९१५ मध्ये, म्हणजे पणजोबा बोटीत बसले त्याच काळात, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी या दिवशी प्रत्येक पाद्रीला एकाऐवजी तीन मिस्सा करायची परवानगी दिली. युद्धात मेलेल्यांची संख्या एवढी वाढली होती की एका मिस्सात भागेना. ती परवानगी आजही आहे. तेव्हा त्या पेटीत एका बसऱ्याच्या शिपायाचं नाव गेलं, यात फारसं वावगं झालं नसावं.

दुपारी दफनभूमीत गेलो. बाहेर झेंडू, शेवंती आणि मेणबत्त्यांचे ढीग. आत जत्रेसारखी गर्दी, पण आवाज नाही. लोक कबरी धुवत होते, गवत उपटत होते, फुलांच्या माळा घालत होते. फादर ओळीओळीने फिरून पवित्र पाणी शिंपडत होते.

बेंगळुरूच्या दफनभूम्यांमध्ये जागेची चणचण आहे. जुन्या घराण्यांच्या स्वतःच्या कबरी असतात, काही वर्षांनी त्याच उघडून पुढच्या माणसाला जागा देतात. बाहेरच्या माणसाला त्यात जागा कुठून? पण २०२१ च्या मे महिन्यात हा हिशेब कोलमडला. रोज इतकी माणसं येत होती की पुरणाऱ्यांनी एक ओळ धरली आणि ज्या क्रमाने आले त्या क्रमाने पुरत गेले. त्यामुळे त्या ओळीत घराणं नाही, भाषा नाही, पैसा नाही. आहे ती फक्त तारीख. शिवाजीनगरचा दुकानदार, शेजारी केरळची नर्स, पलीकडे एक म्हातारे मास्तर, आणि त्यांच्याशेजारी सिमडेग्याचा बावीस वर्षांचा पोरगा.

नाईकाची बदली इथे झाल्यावर तो पहिल्यांदाच येत होता. व्हिडिओत दिसलेल्या एका झाडाच्या खुणेवर त्याने ओळ शोधली. त्याची एकच भीती होती. त्या वेळी लावलेला लाकडी क्रूस साधा होता, वर रंगाने नाव लिहिलेलं. इतके पावसाळे गेले. नाव राहिलं असेल का? आईने फोनवर तेवढंच विचारलं होतं, नाव आहे का बघ.

नाव होतं. मूळ रंग उडालेला, पण त्याच अक्षरांवरून कुणीतरी काळ्या मार्करने पुन्हा गिरवलेलं. पुढे अर्धी जळलेली मेणबत्ती आणि ताजा झेंडू.

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तेवढ्यात शेजारच्या कबरीपाशी बसलेल्या एक आजी उठल्या. साठी-पासष्टीच्या, तमिळ. शिवाजीनगरची दखनी बोलत होत्या. म्हणाल्या, "तुम इसका कौन? मैं हर साल इधरीच देखती, कोई आताच नहीं." दखनीतला हा 'च' आपल्याच मराठीतून गेलेला आहे, म्हणून कानाला लगेच घरचा वाटतो. त्यांचे यजमान त्याच दिवशी, शेजारच्याच खड्ड्यात ठेवले होते. त्या दिवशी त्यांनाही आत येऊ दिलं नव्हतं, फाटकाबाहेर उभं राहून त्यांनी पाहिलं. पहिल्या वर्षी क्रूसावरचं यजमानांचं नाव पुसट झालेलं दिसलं म्हणून घरून मार्कर आणला. ते गिरवून झाल्यावर शेजारच्या पोराचंही पुसट दिसलं, मग तेही गिरवलं. पुढे दर वर्षीचा तो क्रमच झाला. वर्षातून एकदा दोन नावं गिरवायची, दोन मेणबत्त्या लावायच्या.

नाईक काही बोलू शकला नाही. वाकून पाया पडला. आजींनी त्याला उठवलं आणि पर्समधून मार्कर काढून त्याच्या हातात दिला. नावातलं एक अक्षर त्यांच्याकडून चुकलं होतं. अर्धवट पुसलेलं, त्यात अनोळखी आडनाव, चुकणारच. त्याने ते दुरुस्त केलं. मग घरी व्हिडिओ कॉल लावला. सिमडेग्यातली आई सादरीत बोलत होती, इकडे आजी दखनीत. दोघींना एकमेकींचं किती कळलं देव जाणे. पण दहा मिनिटं दोघी बोलत होत्या, दोघी रडत होत्या. मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

निघताना आजींना विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं? म्हणाल्या, मूळ गाव कसलं, आम्ही इथलेच. मग जरा थांबून म्हणाल्या, सासऱ्यांचे आजोबा छावणीत घोड्यांकडे होते, तमिळ मुलुखातून आले. तिथे आता कुणी नाही. त्यांना इथेच पुरलं, म्हणून आम्ही इथलेच.

मी इतिहासाची पुस्तकं वाचतो ती फौजेत वेळ जात नाही म्हणून. पण माणूस एखाद्या गावचा कधी होतो, याचं एवढं सोपं उत्तर मला पुस्तकात मिळालं नव्हतं. रेशनकार्डाने नाही, भाषेने नाही. आपलं माणूस तिथल्या मातीत गेलं आणि दर वर्षी तिथे जायची वेळ आली, की ते गाव आपलं होतं. या हिशेबाने सिमडेग्याचं ते घर आता शिवाजीनगरचं झालंय. आणि या हिशेबाने आमच्या घराला बसऱ्याला एक गाव आहे, जे आम्ही कधी पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट नावाची. फौजेत संध्याकाळी गिनती होते. नाव पुकारलं की उत्तर द्यायचं. जो रजेवर आहे, दवाखान्यात आहे, कोर्सला आहे, त्याचंही नाव पुकारतात आणि त्याच्या वतीने दुसरा कुणीतरी उत्तर देतो. मेलेल्या माणसाच्या वतीनेही कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. ते रक्ताचंच माणूस असलं पाहिजे असं नाही, शेजारच्या ओळीतलं असलं तरी चालतं. बसऱ्याला आमच्या माणसाच्या शेजारी कोण होतं, कोण जाणे. त्यानेही कधी दोन शब्द म्हटले असतील, असं मी आता धरून चालतो.

वाचकांना एक विनंती. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, बेळगाव, या पट्ट्यात पहिल्या महायुद्धात माणूस गेला नाही असं गाव शोधावं लागेल. घरात तबकडी, मेडल, पेन्शनचा कागद असेल तर विकू नका. निदान फोटो काढा, नाव आणि नंबर उतरवून ठेवा. म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून घ्या. आमच्यासारखं फक्त सातबाऱ्यावर अवलंबून राहू नका.

यंदाच्या सर्वपित्रीला मी रजेवर घरी होतो. आईने पानं वाढली. मी मोजली तर नेहमीपेक्षा एक जास्त होतं. मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. तेवढ्यात आई आतून म्हणाली, "त्या तुझ्या जोडीदाराच्या भावाचं नाव काय म्हणालास? आणि त्याला तिखट चालत होतं का?"

नाव सांगितलं. तिखटाचं नाईकाला फोन करून विचारलं. चालत होतं.

येत्या २ नोव्हेंबरला पुन्हा जायचं आहे. मार्कर मी घेऊन ठेवलाय.

जय हिंद.